झोपवलेली बॅटरी

हँगरमध्ये तिला सगळे मिलीताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक, बाकी कुणाला त्याची गरज पडत नसे. नव्यानं आलेल्या एका इंजिनिअरनं एकदा तिला विचारलं होतं, "अहो, चार व्होल्ट म्हणजे चार व्होल्ट. वरच्या पाच-सात मिलीव्होल्टचं काय घेऊन बसलात?" त्यावर ती म्हणाली, "मिलीव्होल्टनंच व्होल्ट होतो, साहेब. तुम्ही काय एकदम सहा फुटांचे जन्मलात?" तेव्हापासून ती मिलीताई झाली. इंजिनिअर पुढं बदलून गेला, नाव राहिलं.

विमानाच्या बॅटऱ्या तपासायच्या आणि भरायच्या, हे तिचं काम. हँगरच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, मध्ये एक जाड भिंत. डावीकडची खोली जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांची, उजवीकडची नव्या लिथियमच्या. दोन्हीकडची हत्यारं वेगळी, हातमोजे वेगळे, फडकीसुद्धा वेगळी. मिलीताईनं एकोणीस वर्षं डावीकडे काढली होती आणि लिथियम आल्यापासून तीन वर्षं ती उजवीकडे होती.

डावीकडं तिला काम शिकवलं ते मास्तरांनी. ते शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते, पण पाना कसा धरायचा हे सांगतानाही त्यांचा आवाज असा चढे की ऐकणाऱ्यानं आपोआप सरळ उभं राहावं. आता निवृत्तीला चार महिने उरले होते. मिलीताईला ते 'पोरी' म्हणत. ती सत्तेचाळीस वर्षांची झाली तरी.

निकेलची बॅटरी म्हणजे जुन्या वळणाची बाई. वीस सेल, प्रत्येकाला टोपण, उघडून पाणी घालायचं, तोंडाशी साचलेली पांढरी पूड पुसायची. काही काळानं या वीस सेलांत आपापसांत मतभेद होतात. एक लवकर भरतो, दुसरा मागं रेंगाळतो. त्यावर औषध एकच. सगळ्यांना रिकामं करायचं, अगदी शून्यावर आणायचं, प्रत्येक सेलची दोन टोकं धातूच्या चिमट्यानं जोडून रात्रभर तसंच ठेवायचं आणि मग सगळ्यांना एकदम भरायला घ्यायचं. तळापासून सगळे एकत्र चढले की रेषेत राहतात. या रिकामं करून ठेवण्याला खोलीत 'झोपवणं' म्हणत. "किती झोपल्या?" असं मास्तर संध्याकाळी विचारत. "दोन झोपल्या, एक पेंगतेय," असं कुणीतरी उत्तर देई, आणि हा विनोद वीस वर्षं न विटता चालला होता.

लिथियमच्या बॅटरीचं सगळं उलटं. सेल आठच, पण सीलबंद. पाणी नाही, टोपण नाही, आत डोकावायची सोय नाही. प्रत्येक सेलला दोन सीमा. वर चार व्होल्टच्या जरा पुढं गेला तर तापतो. खाली दोन व्होल्टच्या आत गेला तर त्याच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. ते तांबं पुन्हा भरताना भलत्याच जागी जाऊन बसतं, केसासारखं वाढतं, आणि एक दिवस आतल्या आत दोन टोकं जोडतं. कधी, ते कुणी सांगू शकत नाही. उद्या, नाहीतर सहा महिन्यांनी. तसं झालं की तो सेल पेटतो आणि शेजारच्याला पेटवतो.

म्हणून या बॅटरीच्या पेटीतच एक बोर्ड बसवलेला असतो. तो आठही सेलांचे व्होल्ट आणि तापमान सतत मोजत राहतो आणि काही वावगं दिसलं तर चार्जरला थांब म्हणतो. भरतानाही पद्धत ठरलेली. आधी ठराविक करंट द्यायचा. सेल वरच्या सीमेजवळ आले की व्होल्ट तिथंच धरून ठेवायचे आणि करंट हळूहळू आटू द्यायचा. आठांतला एखादा पुढं पळाला तर बोर्ड त्याच्यातला थोडा करंट बाजूला काढून जिरवतो, म्हणजे बाकीचे त्याला गाठतात. लहान मुलांची रांग रस्ता ओलांडताना आपण पुढं पळणाऱ्याची कॉलर धरून ठेवतो, तसंच हे.

विमानावर लगेच जायची नसेल तर ही बॅटरी तीस टक्क्यांवर ठेवतात आणि बोर्डाला विश्रांतीत टाकतात. तेव्हा चार्जरच्या स्क्रीनवर 'स्लीप' अशी अक्षरं येतात. मग इकडच्यांनी काय म्हणावं? झोपवली, असंच म्हणू लागले. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकच शब्द दोन अर्थांनी नांदत होता. तीन वर्षं त्यानं कुणाचं बिघडवलं नाही, कारण डावीकडचे डावीकडं आणि उजवीकडचे उजवीकडं असत. मग माणसं कमी पडायला लागली. मास्तरांना दोन दिवसांचं लिथियमचं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दिलं गेलं, म्हणजे अडीअडचणीला ते दोन्हीकडं चालतील.

त्या मंगळवारी दुपारी लेकीच्या शाळेतून फोन आला. ताप एकशे तीन, उलटी झालीये, घेऊन जा. सकाळीच लेक म्हणाली होती, "आई, अंग कसंतरी होतंय." मिलीताईनं काखेत थर्मामीटर लावला, साडेअठ्ठ्याण्णव आला, आणि ती म्हणाली, "काही नाहीये, गणिताच्या पेपरचा ताप आहे. ऊठ." आता तेच शब्द तिला टोचत होते.

टेबलावर एक लिथियमची बॅटरी झाकण काढून ठेवलेली होती. तिचा बोर्ड तपासणीला बाहेर गेला होता, बुधवारी येणार होता. बॅटरी साठेक टक्क्यांवर. बोर्ड जागेवर नसताना अशी बॅटरी हातातल्या मीटरनं मोजत तीस टक्क्यांवर आणायची आणि झाकण ठेवून द्यायचं, एवढंच काम. मिलीताई पर्स शोधत, चपला बदलत भिंतीपलीकडं धावली.

"मास्तर, माझी पोर तापलीये शाळेत. टेबलावरची बॅटरी उघडी आहे, बोर्ड नाहीये तिला. तेवढी झोपवून ठेवाल?"

"तू नीघ. पोरीला बघ आधी," मास्तर म्हणाले. "बॅटरी कुठं पळून जातेय?"

ती निघाली.

बुधवारी लेक बरी होती. बिछान्यात बसून मोबाइल बघत होती आणि खायला काहीतरी चटपटीत मागत होती, म्हणजे बरीच होती. शेजारच्या काकूंना बसवून मिलीताई कामावर आली. बॅटरीचं झाकण जागेवर होतं. बोर्ड आला होता, तो तिनं बसवला, जोडण्या तपासल्या. स्क्रीनवर आठही सेल तीस टक्क्यांच्या आसपास, हिरवे. तिनं बॅटरी भरायला लावली.

या बॅटरीला ती ओळखत होती. आधी तीनदा तिच्या हाताखालून गेलेली. दर खेपेला पाच नंबरचा सेल सगळ्यांच्या पुढं असे. वर पोचायची त्याला फार घाई, बोर्ड पहिल्यांदा त्यालाच धरून ठेवायचा. या वेळी मात्र पाच नंबर शेवटी आला. बाकीचे सात चार व्होल्टला टेकले तेव्हा हा चाळीस मिलीव्होल्ट मागं होता. सात जणांना थोपवून धरून बोर्डानं त्याला वर आणेपर्यंत नेहमीपेक्षा दोन तास जास्त लागले. शेवटी आला, हिरवा झाला.

मग चोवीस तास काही न करता ठेवून पुन्हा मोजायचं. गुरुवारी मोजलं तर सात सेल दोन-तीन मिलीव्होल्ट उतरलेले, पाच नंबर अकरा. पुस्तकाप्रमाणं वीसपर्यंत चालतं.

शुक्रवारी सकाळी शिफ्टचा सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला. त्याला आत यायला आवडत नसे. या खोलीत आपल्या अंगातली बॅटरी उतरते, असं तो म्हणायचा.

"मिलीताई, बारा वाजता विमान जायचंय. सही झाली का?"

"नाही."

"आकडे बसतात ना पुस्तकात?"

"पुस्तकात बसतात."

"मग?"

"मनात बसत नाहीत."

"मन कुठल्या पानावर आहे मॅन्युअलच्या?" तो म्हणाला. "हे बघा, नाकारायची असेल तर कारण लिहा. कारण नसेल तर सही करा. दुसरी बॅटरी मागवायची तर ती येऊन लागेपर्यंत चार वाजतील, एकशे चाळीस माणसं खोळंबतील आणि मला वरून विचारतील, काय झालं? मी काय सांगू, पाच नंबर उशिरा उठला?"

"दहा मिनिटं द्या."

"दहा म्हणजे दहा. तुमचे मिलीमिनिट नकोत."

ती भिंतीपलीकडं गेली. मास्तर बेसिनपाशी हात धूत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत होते, असं तिला नंतर वाटलं, पण नंतर काहीही वाटतं.

"मास्तर, मंगळवारची बॅटरी तुम्ही तीसवर आणली, तेव्हा पाच नंबर कसा होता? काही दिसलं होतं?"

"पोर बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. पाच नंबर कसा होता?"

मास्तरांनी नळ बंद केला. फडकं घेतलं, एकेक बोट पुसलं.

"मी झोपवली होती ती," ते म्हणाले.

"हो, मीच सांगितलं होतं."

"अगं, झोपवली." त्यांनी मान डावीकडच्या भिंतीवरच्या फळीकडं वळवली. फळीवर चिमटे ओळीनं टांगलेले होते. "आपल्या पद्धतीनं."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

"शून्यावर?"

"आधी लोड लावून उतरवली. मग चिमटे. हातांनी केलं गं, डोक्यानं नाही. डोकं सकाळी घेतलेल्या निकेलच्या बॅटरीच्या हिशेबात होतं. चिमटे लावत गेलो आणि ट्रेमध्ये बारा उरले. मी म्हटलं, बारा कसे उरले? वीसच आणले होते. पुन्हा मोजले. बारा. तरी माझ्या लक्षात येईना! तसाच दुसऱ्या कामाला लागलो, आणि परत येऊन बघितलं तर समोर आठ सेल." त्यांचा आवाज खाली आला. "किती वेळ गेला असेल? एक तास. थोडा जास्तच."

"आणि मग?"

"मग चिमटे काढले. एकदम कमी करंटवर, एकेक सेल बघत, तीसपर्यंत आणली. चढली छान. एकही तापला नाही. मला वाटलं, वाचली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बुधवारी आलीस ती हसत आलीस. पोरगी बरी आहे म्हणून सांगत होतीस सगळ्यांना." मास्तरांनी फडकं घडी करून ठेवलं. "चार महिने राहिलेत माझे. एवढ्यासाठी एकतीस वर्षं मातीत जातील, असं वाटलं. दुसरं काय? भ्यालो."

मिलीताई स्टुलावर बसली. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या रागाला पुढं जायला वाटच मिळेना, कारण वाटेत तिचाच शब्द आडवा पडला होता. 'तीसवर आणून ठेवा' म्हणायला किती वेळ लागला असता? 'झोपवून ठेवाल?' एवढाच. तेवढाच वेळ.

"कुठंच नोंद नाही," मास्तर हळूच म्हणाले. "बोर्डच नव्हता जागेवर. आपला लोडही जुना, काट्याचा, नोंद न ठेवणारा. आकडे पुस्तकात बसतायत म्हणालीस ना?"

"बसतायत."

"मग बघ बाई. तू काय करशील ते. मी तुला काही म्हणणार नाही."

हे बोलणं म्हणजे विनंती होती हे दोघांनाही कळत होतं. ज्यानं आपल्याला पहिला चिमटा हातात दिला त्या माणसानं 'मी काही म्हणणार नाही' म्हटलं की ऐकणाऱ्यावर ओझंच पडतं. मिलीताईनं क्षणभर दुसरा हिशेबही करून पाहिला. ही बॅटरी कशीतरी बाजूला काढायची, 'पाच नंबर संशयास्पद' एवढंच लिहायचं. मास्तर सुटले, आपणही सुटलो. पण मग काय होईल ते तिला ठाऊक होतं. वरची माणसं आकडे बघतील, आकडे चांगले आहेत म्हणतील, दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मोजून घेतील आणि बॅटरी पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी विमानाच्या पोटात जाऊन बसेल. नुसत्या संशयानं ती थांबणार नव्हती. चिमटे लिहिले तरच थांबणार होती.

"मास्तर, मी लिहिणार आहे."

मास्तरांनी घडी केलेलं फडकं पुन्हा उलगडलं.

"सगळं लिहिणार. मी काय बोलले तेही."

"तुझं कशाला मध्ये?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "चूक माझी. तू तोंडानं एक शब्द बोललीस, चिमटे मी लावले."

"उघडी बॅटरी कागद न लिहिता तुमच्यावर टाकून मीच गेले. नियमात बसतं का ते?"

"पोर तापली होती तुझी!"

"तापली होती. म्हणून नियम तापत नाही."

"हे वाक्य माझंच आहे," मास्तर म्हणाले. "तू नवी होतीस, तेव्हा मी ते फार रुबाबात म्हटलं होतं. मूर्खासारखं." मग त्यांनी खिशातून चष्मा काढला. "चल. साहेबाला मीच सांगतो. तुझ्या तोंडून ऐकायला नको त्याला."

सुपरवायझर दारातच होता. मास्तर बोलायला लागले तसा तो प्रथमच त्या खोलीत आत आला आणि खुर्चीवर बसला. शून्य व्होल्ट, एक तास, आठ चिमटे. त्यानं एकच विचारलं, "ती आत्ता कुठंय?"

"टेबलावर."

"भरलेली?"

"पूर्ण भरलेली," मिलीताई म्हणाली.

"अरे देवा. आणि आपण तिच्याशेजारी गप्पा मारत बसलोय?"

मग सगळं भराभर झालं. मिलीताईनं आठही सेलांचं तापमान बघितलं, बॅटरी चार्जरपासून सोडवली. तिनं आणि मास्तरांनी ती ढकलगाडीवर घालून बाहेरच्या सिमेंटच्या मोकळ्या पेटीत नेली, भोवती दोऱ्या बांधल्या. दुसरी बॅटरी मागवली. विमान सव्वाचारला गेलं. प्रवाशांना 'तांत्रिक कारण' सांगितलं गेलं, आणि ते त्या दिवशी तरी शब्दशः खरं होतं.

अहवाल तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. 'मी पुढील शब्दांत सूचना दिली' असं लिहून दोन बिंदू दिले आणि थांबली. कागदावर ते वाक्य फार घरगुती दिसणार होतं. तरी तिनं ते जसंच्या तसं लिहिलं: तेवढी झोपवून ठेवाल?

चौकशी तीन आठवडे चालली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "हा 'झोपवणे' शब्द तुमच्या कुठल्या कार्यपद्धतीत आहे?" "कुठल्याच नाही," मिलीताई म्हणाली, "म्हणूनच सगळ्यांना पाठ आहे." कुणी हसलं नाही. निकाल आला. मिलीताईचा सही करायचा अधिकार दोन महिन्यांसाठी काढून घेतला आणि पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं. मास्तरांचं लिथियमचं प्रमाणपत्र रद्द झालं. त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईनं दोन ओळी आल्या. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एक नोटीस लागली की सूचना व्होल्टमध्ये किंवा टक्क्यांत आणि लेखी द्यावी.

दोन महिने मिलीताई मोजायची आणि सही दुसऱ्या पाळीतून आलेला एक तरुण तंत्रज्ञ करायचा. तो प्रत्येक सहीआधी तिला विचारायचा, "ताई, करू ना?" आणि ती म्हणायची, "मला काय विचारता, मला अधिकार नाही." घरी लेकीनं विचारलं, "तुला शिक्षा झाली म्हणजे तू नापास?" "नापास नाही, पुनर्परीक्षा." "म्हणजे नापासच," लेक म्हणाली आणि स्वतःच्या गणिताच्या पेपराची आठवण निघायच्या आत खोलीत पळाली.

मास्तर आणि ती या काळात फारसं बोलले नाहीत. भांडण नव्हतं. जेवायच्या सुट्टीत एका टेबलावर बसत, मीठ इकडून तिकडं सरकवत, पण गप्पा जमत नसत.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तो नेमका परीक्षेच्या आदल्या दिवशी. तिथं बॅटरी सावकाश उतरवून सेल उघडून बघितले होते. सुपरवायझरनं कागद आणून तिच्यासमोर ठेवला आणि या वेळी तो दारात थांबला नाही. पाच नंबरमध्ये तांबं सापडलं होतं, अपेक्षेप्रमाणं. आणि दोन नंबरमध्येही. पाचपेक्षा जास्त. एके ठिकाणी ते पलीकडं पोचायला अगदी थोडं राहिलं होतं.

दोन नंबर! मिलीताईनं आपले आकडे काढून पाहिले. भरताना दोन नंबर मधोमध, चोवीस तासांत उतरला तीन मिलीव्होल्ट. बाकीच्यांइतकाच. त्याच्याकडं तिनं वळूनही बघितलं नव्हतं. पाच नंबर बिचारा मागं पडला, रडला, म्हणून दिसला. हा गप्प बसला होता.

ती कागद घेऊन भिंतीपलीकडं गेली. मास्तर निकेलच्या बॅटरीत पाणी घालत होते. तिनं कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी तो वाचला.

"दोन नंबर?"

"दोन नंबर."

"तुला संशय होता?"

"नाही. तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं."

मास्तरांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "बस जरा. परीक्षा उद्या आहे ना तुझी? कुठपर्यंत झालंय?"

"थर्मल रनअवे राहिलंय. ते, एक सेल तापत जाऊन शेजारच्याला पेटवतो."

"मला ते नीट समजलंच नव्हतं त्या दोन दिवसांत," मास्तर म्हणाले आणि स्टूल तिच्याकडं सरकवलं. "सांग बघू, कसं होतं ते."